ग्रॅव्हल सायकल निवडताना : साताऱ्याचा मुरूम, जांभा आणि काळी माती

साताऱ्याहून बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडाच्या पायथ्याने ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पोहोचले की पवनचक्क्यांकडे जाणारे मुरमाचे रस्ते लागतात. घाटातील डांबर आणि पठारावरील मुरूम एकाच फेरीत पार करायचा असेल, तर शर्यतीची अरुंद टायरची सायकल मुरमावर हाडे खिळखिळी करते आणि माउंटन सायकल डांबरावर जड जाते. खाली वळलेले हँडल, डिस्क ब्रेक आणि सुमारे 40 मिलिमीटर रुंद टायर असलेली ग्रॅव्हल सायकल या दोहोंमधली आहे. 2022 पासून तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होते. दुकानात चर्चा रंगते ती बहुधा फ्रेम कार्बनची की अॅल्युमिनियमची यावर. माझ्या मते मात्र निवडीची सुरुवात टायरपासून व्हायला हवी.

गुळगुळीत रस्त्यावर टायरमधली ऊर्जा मुख्यतः रबर दबून पुन्हा पसरताना वाया जाते, म्हणून तिथे बऱ्यापैकी घट्ट हवा चालते. खडीवर हिशेब बदलतो. घट्ट टायर प्रत्येक खड्यावर उसळतो, त्याबरोबर सायकल आणि स्वार दोघेही वर उचलले जातात, आणि पुढे जाण्यासाठी खर्च केलेली ऊर्जा शरीराच्या थरथरण्यात संपते. सैल टायर तोच खडा स्वतःत दबवून घेतो. मागच्या चाकावर 50 किलो भार असेल, तर 100 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवेला जमिनीशी संपर्क सुमारे 7 चौरस सेंटिमीटरचा राहतो, तर 35 पीएसआयला तो 20 चौरस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्यामुळे खडबडीत रस्त्यावर हवा कमी केल्याने आराम तर मिळतोच, शिवाय बहुतेक वेळा वेगही वाढतो.

हवा फार कमी केली, तर दगडावर आदळताना ट्यूब रिमखाली चेपून फाटते. ट्यूबलेस टायरमध्ये हा धोका नसतो, आणि त्यातले द्रव सीलंट माण-खटावकडच्या बाभळीच्या काट्यांची छिद्रे आपोआप बुजवते. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकते, म्हणून दर काही महिन्यांनी नवे भरावे लागते.

कऱ्हाडकडच्या कृष्णाकाठच्या पाणंदींत मात्र वेगळीच अडचण येते. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात, टायरला थरावर थर चिकटतो आणि चाक फ्रेममध्ये अडकते. म्हणून 40 मिलिमीटरचे टायर वापरायचे असले, तरी फ्रेममध्ये 45 मिलिमीटरचे मावतील एवढी जागा असलेली सायकल घ्यावी. पावसाळ्यात अशा पाणंदीत न शिरणेच उत्तम.

दुसरा निकष सर्वांत हलक्या गिअरचा. पुढे पेडलच्या चकतीला 34 आणि मागे चाकाच्या चकतीला 34 दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 2.2 मीटर सरकते आणि मिनिटाला 60 फेऱ्यांना वेग ताशी 8 किलोमीटर पडतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून 85 किलो असतील, तर 10 टक्के चढावर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 180 वॅट लागतात, आणि सराव नसलेल्या माणसाला एवढी ताकद फार वेळ टिकवता येत नाही. पुढे 30 आणि मागे 40 दाते घेतले, की त्याच लयीत वेग ताशी 6 किलोमीटरवर येतो आणि गरज 140 वॅटच्या आत उतरते. यवतेश्वरच्या घाटात हा फरक पाय लगेच सांगतात.

जांभ्याच्या सड्यांबाबत, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांबाबत, एक आग्रहाची विनंती आहे. त्यांच्यावर मातीचा थर बऱ्याच ठिकाणी जेमतेम काही सेंटिमीटरचा असतो आणि त्यावरच तिथली दुर्मीळ फुले उगवतात. कास पठार तर 2012 पासून जागतिक वारसा स्थळांत आहे. रुंद टायर गवतावरून सहज चालतो, तरीही मळलेली वाट सोडू नये.

उतरताना 400 मीटर उंचीची ऊर्जा, म्हणजे 85 किलोंसाठी सुमारे 330 किलोज्यूल, हवेच्या विरोधात आणि ब्रेकच्या उष्णतेत जाते. ब्रेक सतत दाबून धरण्यापेक्षा वळणाआधी जोरात लावून मग सोडावा, म्हणजे डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. मुरमावर वजन थोडे मागे, कोपरे सैल आणि नजर दहा-पंधरा मीटर पुढे ठेवली, की पुढचे चाक खड्यांतून स्वतःची वाट शोधते.