गर्भधारणापूर्व आहार आणि दिनचर्या

मूल हवे असलेल्या जोडप्याने दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून, दोघांनी मिळून, खाण्यापिण्यात व राहणीत करायचे बदल. तीन महिन्यांचे कारण पुरुषाच्या शरीरात आहे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पक्व व्हायला आणखी दोनेक आठवडे. आज सोडलेल्या गुटख्याचा गुण म्हणूनच लगेच दिसत नाही. घरोघरी मात्र पथ्ये, उपास आणि काढे एकट्या सुनेच्या वाट्याला येतात. ही वाटणीच चुकीची आहे.

इंदूरच्या मराठी घरांत सकाळ पोहे-जिलबीने उजाडते आणि सुट्टीची रात्र सराफ्यात, म्हणजे दागिन्यांच्या बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत सरते. पोहे सोडायचे कारण नाही. बशीत अर्धी वाटी मोड आलेली, वाफवलेली मटकी व मूठभर शेंगदाणे घालावेत, शेव चमचाभरच भुरभुरावी, जिलबी सणावारी. लिंबू जरूर पिळावे, त्याने डाळी-कडधान्यांतले लोह अंगी लागते. पाठोपाठ चहा घेतला की ते नीट शोषले जात नाही, चहा तासाभराने. सराफा रात्री दुकाने बंद झाल्यावर रंगतो, तेव्हा तळणाइतकीच जागरणाचीही मोजदाद करावी. सात तास झोप हवीच.

वजन जास्त असून पीसीओडी (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) असेल, तर ५ ते १० टक्के वजन उतरले तरी अनेकींची पाळी नियमित होते. ७० किलोच्या स्त्रीसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले. उपाशी राहून ते झटपट उतरवू नये, अन्न फार तुटले की स्त्रीबीज सुटणेच थांबू शकते. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, किमान महिनाभर आधीपासून: गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी फलनानंतर २८व्या दिवसापर्यंत मिटते, आणि तोवर पाळी चुकल्याचे जेमतेम लक्षात आलेले असते. शाकाहारी घरात दोघांचेही बी-१२ तपासावे.

वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागते, म्हणून लॅपटॉप मांडीवर नको. याहून घातक म्हणजे जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने. बाहेरून हार्मोन मिळाले की मेंदू वृषणांना संदेश पाठवणे थांबवतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. ते परतायला अनेक महिने जातात.

स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटते. चक्र ३२ दिवसांचे असेल तर १८व्या दिवसाच्या आसपास. तो दिवस आणि आधीचे पाच दिवस फलनाचे. तारखांचा ताण नको असेल तर दर दोन-तीन दिवसांनी संबंध पुरेसा.

बंद गर्भनलिका किंवा शुक्राणूंचा मार्ग अडलेला असणे आहाराने सुटत नाही. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास, आणि स्त्रीचे वय ३५च्या पुढे असल्यास सहा महिन्यांनी, डॉक्टरांकडे दोघांनी जावे. वीर्यतपासणी स्वस्त व वेदनारहित असते, ती आधीच करावी. त्यापूर्वी २ ते ७ दिवस संबंध टाळावा. अहवाल बिघडलेला आला, तर साधारण तीन महिन्यांनी ती पुन्हा करतात.