रोज घड्याळ लावून 1600 मीटर मारायचं? नाही रे भाऊ!

यवतमाळ-वाशीमच्या पट्ट्यात पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं दिसली की समजायचं, आजही फुल 1600 मारणार. "रोज जीव तोडून पळालं तरच टायमिंग कमी होते," हे मोठ्या भावाकडून लहान भावाकडे चालत आलंय. साफ चूक आहे.

800 मीटरच्या शर्यतीतही निम्म्याहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनच्या जोरावर तयार होते. 1500-1600 मध्ये तर चार पंचमांशाच्या आसपास. हा दम सावकाश, लांब पळण्यातून वाढतो आणि त्याला महिने लागतात. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड 800 मीटरवाल्या पीटर स्नेललाही आधी आठवड्याला 160 किलोमीटरच्या घरात पळवायचे. स्नेलने 1960 ला रोममध्ये 800 चं आणि 1964 ला टोकियोत 800, 1500 दोन्हींचं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. (160 ची नक्कल नवख्याने करू नये. नडग्या बोंबलतील.)

भरतीची मैदानी चाचणी जानेवारीत असेल तर पोळ्यापासून सुरुवात करा. सोबत्याशी गप्पा मारता येतील इतकाच वेग. काळ्या मातीचा चिखल बुटाला किलोभर चिकटतो, म्हणून पांदण सोडून पक्का रस्ता धरा. दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा 400 मीटरचे पाच-सहा तुकडे जोरात, मधे दोन-तीन मिनिटं चाल. शेवटच्या दहा दिवसांत अंतर निम्मं.

पूर्ण 1600 घड्याळावर? तीन-चार आठवड्यांतून एकदा. एरवी घड्याळ खुंटीला.