फ्रीझरमधलं हरणाचं मटण आणि शिजवलेलं हरणाचं मटण: कुत्र्यासाठी हे दोन एक नाहीत

दर नोव्हेंबरला तेच. इथे विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा गन सीझन सुरू होतो, शेजारी शिकारीला जातात, आणि आठवड्याभरात पांढऱ्या कागदात गुंडाळलेली, वर पेनाने तारीख घातलेली चार-पाच पाकिटं आपल्या दारात. आपण स्वतः खाऊ न खाऊ, घरातल्या कुत्र्याची मात्र दिवाळी. आणि मग कोणीतरी ठामपणे सांगतंच, "अगं फ्रीझ केलेलं आहे ना, दे कच्चंच, सगळं मरतं त्यात." नाही मरत. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता लिहूनच ठेवते.

(भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिकडे हा प्रश्नच नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे आणि त्याचं मांस बाळगणंही. हे सगळं अमेरिकेतल्यांसाठी.)

शिजवणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एकच आकडा लक्षात ठेवा, आतपर्यंत 160 फॅरनहाइट, म्हणजे 71 सेल्सियस. थर्मामीटर नसेल तर बारीक तुकडे करून कुकरला लावा, बिनमिठाचं, विषय संपला.

गोंधळ आहे तो फ्रीझरचा. फ्रीझर मारतो ते मुख्यतः परजीवींना. हरणाच्या मांसात टॉक्सोप्लाझ्माच्या गाठी असू शकतात, त्या 0 फॅरनहाइटला (उणे 18 सेल्सियस) काही दिवस राहिल्या की बहुतेक मरतात. लोकांनी हे अर्धं ऐकलेलं असतं आणि तेच साल्मोनेला नि ई. कोलायला लावून मोकळे होतात. बॅक्टेरिया थंडीने मरत नाहीत, झोपतात. काही मरतात, पण पुरेसे उरतात, आणि पाकीट ओट्यावर बर्फ सुटायला ठेवलंत की तासा-दोन तासात पुन्हा वाढायला लागतात. स्टीलच्या वाडग्यात पाकीट सुटताना खाली जे गुलाबी पाणी जमतं ना, तेच बघा, कुत्रा सगळ्यात आधी तेच चाटायला धावतो.

आणि हे मांस काही कसायाच्या स्वच्छ ओट्यावरून आलेलं नसतं. गोळी पोटात लागली तर आतड्यातलं सगळं मांसावर सांडतं, मग जंगलातच साफसफाई, मग गाडीच्या मागे टाकून दोन तास प्रवास, आणि नोव्हेंबरातला एखादा दिवस उबदार निघाला तर विचारूच नका. खिम्याचं तर अजून वाईट, कारण जे वर होतं ते ग्राइंडरने आतपर्यंत मिसळलेलं असतं. त्यामुळे खिम्याचं पाकीट असेल तर माझ्या घरी कच्चं देण्याचा प्रश्नच येत नाही. "कुत्र्याचं पोट मजबूत असतं" असं म्हणतात, बऱ्याचदा असतंही, पण ठणठणीत दिसणारा कुत्रा शीतून साल्मोनेला बाहेर टाकत राहू शकतो, आणि त्याच घरात रांगणारं बाळ असतं किंवा केमो चालू असलेली आजी असते. त्यांचं काय?

आता हाडं. इथे नियम बरोबर उलटा होतो आणि म्हणूनच माणसं फसतात. मांस शिजवलं की जास्त सुरक्षित, हाड शिजवलं की जास्त धोक्याचं. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार चिरफाळ्यांनी फुटतं, घशात नाहीतर आतड्यात घुसतं. आणि कच्चं मांडीचं हाड इतकं टणक की मागची मोठी दाढ उभी चिरते. मी दोन्ही देत नाही, शिंगाचे तुकडेही नाही, दुकानात कितीही छान पॅक करून विकोत.

आपल्या घरातली खास चूक वेगळीच. रस्सा केला, त्यातले तुकडे नळाखाली धुतले आणि घातले कुत्र्याला. कांदा-लसूण मसाला धुतल्याने जात नाही हो! कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि ते लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते. कुत्र्यासाठीचं मांस फोडणीच्या आधी वेगळं काढा, इतकंच करायचंय.

किती द्यायचं? रोजच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपर्यंत, वरून खाऊ म्हणून. हरणाचं मांस प्रोटीनने भरपूर आणि चरबीला कमी, त्यामुळे खाऊ म्हणून मस्तच, पण नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं, तेव्हा पिल्लाला महिनाभर मांस-भातावर ठेवलंत तर हाडं ठिसूळ होतील. पूर्ण घरचं खाणं द्यायचं असेल तर व्हेटकडून प्रमाण लिहून घ्या.

आणि दोन गोष्टी अशा की फ्रीझरही काही करू शकत नाही आणि कुकरही नाही. एक, शिसं. शिशाची गोळी आत गेल्यावर फुटते आणि डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून वीतभर, कधी त्याहून लांब पसरतात. जखमेजवळचं रक्ताळलेलं मांस "कुत्र्याला चालेल" म्हणून बाजूला काढतात ते मला अजिबात पटत नाही, नेमकं तेच फेकायला हवं. शेजाऱ्यांना विचारा, तांब्याची गोळी वापरत असतील तर ही काळजी मिटली.

दुसरी, सीडब्ल्यूडी, हरणांच्या मेंदूचा आजार. 1967 मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला, विस्कॉन्सिनमध्ये 2002 मध्ये सापडला. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रोटीनमुळे होतो आणि ते प्रोटीन शिजवून जात नाही. कुत्र्यांना हा आजार झाल्याची नोंद नाही, तरी मेंदू, मणका, डोळे, प्लीहा, लिम्फच्या गाठी यातलं काहीही मी कुत्र्याला देत नाही, आणि पॉझिटिव्ह हरणाचं तर काहीच नाही. राज्याचं खातं तपासणी फुकट करून देतं, डोकं नेऊन द्यायचं, रिपोर्टला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. तेवढे दिवस मात्र पाकिटं खुशाल फ्रीझरमध्ये ठेवा. आमच्याकडे त्यांच्यावर लाल चिकटपट्टी असते, आणि शेजारच्या काकांचा "निगेटिव्ह" असा मेसेज आला की मगच ती निघते.