वेगळा कप, वेगळी लिफ्ट: हे आलं कुठून?

मुंबईत कितीतरी घरांत ओट्याच्या कोपऱ्यात एक कप बाजूला ठेवलेला असतो, कामाला येणाऱ्या मावशींचा. कडेला टवका उडालेला, बाकीच्या कपांबरोबर रॅकमध्ये कधीच न लागणारा. टॉवर असेल तर लिफ्टपण वेगळी. विचारलं की उत्तर तयारच, "अहो हायजीन म्हणून, जातपात कोण पाळतंय आता". पण या वेगळ्या कपाला या शहरात शंभर वर्षांचा तरी इतिहास आहे आणि त्याचा हायजीनशी फारसा संबंध नाही.

१९१८ ला बाबासाहेब आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर म्हणून लागले. परदेशात शिकून आलेला माणूस, अर्थशास्त्र शिकवणारा, तरी प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्यातलं पाणी त्यांनी घेऊ नये अशी काही सहकाऱ्यांची हरकत होती. कुठल्या आडगावात नाही हो, इथे, मुंबईत.

गिरण्यांमध्ये तर या प्रकाराला थेट मजुरी चिकटलेली होती. विणकामाच्या खात्यात, म्हणजे साचेखात्यात, पैसे जास्त मिळायचे पण दलित कामगारांना तिथे शिरकाव नव्हता, त्यांना कताईच्या कमी मजुरीच्या कामांवर ठेवायचे. कारण काय तर धोट्यातली (मागावर आडवा धागा नेणारा तो धोटा) कांडी, म्हणजे धाग्याची गुंडाळी, संपली की नवीन कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि दलिताने तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही असं सवर्ण कामगार म्हणायचे. बरं हे लोक एकाच मालकाविरुद्ध एकत्र संप करणारे! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला की साचेखातं आमच्या लोकांना उघडं करा ही मागणीही घ्या, तेव्हा कुठे पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घेतली. मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सगळ्यात जास्त बोचतो, कारण इथे भेदभाव करणारा कोणी शेठ नव्हता, शेजारच्या खात्यातलाच गडी होता.

त्याच्या आधी १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला आणि तो पासही झाला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, सरकारी शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव झाला म्हणून पाणी मिळालं असं अर्थातच नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं कागदावर खुलं केलं, प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं, मार खावा लागला, आणि मग कोर्टकचेरी चालली ती थेट १९३७ पर्यंत, तेव्हा हायकोर्टात निकाल बाजूने लागला.

राज्यघटनेत कलम १७ आलं, अस्पृश्यता बंद. १९५५ चा कायदा आला, त्याचंच नाव १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा. त्यात एक बारीक गोष्ट आहे, हॉटेलात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरायला अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवलं तर तो गुन्हा, असं भांड्यांचा उल्लेख करून लिहिलंय. म्हणजे हॉटेलातल्या कपाचा विचार कायद्याने केला. घरातल्या ओट्यावरचा कप मात्र तिथे सापडत नाही.

आणि कारण तर आता कोणी बोलूनच दाखवत नाही. गिरणीत तोंडावर सांगायचे, आज "सिक्युरिटी", "हायजीन", भाड्याने घर द्यायचं असेल तर "ओन्ली व्हेज" असले शब्द येतात, त्यांच्यावर बोट ठेवायचं कसं? घरांच्या बाबतीत तर २००५ ला सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी हाउसिंग सोसायटीच्या केसमध्ये मेंबरशिप फक्त आपल्या समाजापुरती ठेवणारा नियम चालेल असं म्हटलं.

२००८ ला महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, कामवाल्या बायकांची नोंदणी, मदतीच्या योजना वगैरे, व्हायलाच हवं होतं ते. पण कुठली लिफ्ट कोणी वापरायची हे बहुतेक ठिकाणी सोसायटीची कमिटीच ठरवते, आणि त्या मीटिंगला मावशी नसतात, कारण त्या मेंबर नाहीत.