सरळ रेषेचे समीकरण

सरळ रेषेचे समीकरण : प्रतलातील रेषेवरच्या प्रत्येक बिंदूच्या निर्देशकांना लागू पडणारे आणि रेषेबाहेरच्या एकाही बिंदूला लागू न पडणारे, क्ष व य या दोन चलांतील पहिल्या घाताचे समीकरण. त्याचे सर्वसाधारण रूप त क्ष + थ य + द = ० असे असते. त्यात त आणि थ दोन्ही एकदम शून्य नसतात.

वर्गात हा विषय पाच-सहा सूत्रांच्या यादीसारखा पाठ करून घेतला जातो, आणि त्यामुळेच तो अवघड वाटू लागतो. खरे तर लक्षात ठेवायची गोष्ट एकच आहे. सरळ रेषेचा चढ, म्हणजे य मधला बदल भागिले क्ष मधला बदल, कुठल्याही दोन बिंदूंमध्ये मोजला तरी तेवढाच येतो. रेषेवरचा एक बिंदू (अ, ब) माहीत असेल आणि चढ म असेल, तर रेषेवरच्या दुसऱ्या कोणत्याही (क्ष, य) बिंदूसाठी (य − ब) भागिले (क्ष − अ) याची किंमत म असलीच पाहिजे. हेच वाक्य गुणाकाराच्या रूपात मांडले की य − ब = म (क्ष − अ) हे समीकरण मिळते. बाकीची सगळी रूपे यातूनच निघतात. दोन बिंदू दिलेले असतील तर आधी त्यांच्यावरून चढ काढायचा. ज्ञात बिंदू य-अक्षावरचा (०, क) असेल तर य = म क्ष + क हे रूप आपोआप मिळते. रेषा दोन्ही अक्षांना आरंभबिंदूपासून प आणि फ अंतरांवर छेदत असेल, आणि प व फ यांपैकी कोणतेही शून्य नसेल, तर क्ष/प + य/फ = १.

कोल्हापूरकरांना पावसाळ्यात चढाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये शहरभर एकच विचारणा चालते : पाणी किती फुटांवर, आणि तासाला किती चढतंय? समजा, सकाळी ८ वाजता पातळी ३६ फूट होती आणि दुपारी २ वाजता ३७ फूट ६ इंच झाली. क्ष म्हणजे मध्यरात्रीपासूनचे तास आणि य म्हणजे फूट धरले, तर बिंदू (८, ३६) आणि (१४, ३७.५) होतात. इथे जपायला हवे. ३७ फूट ६ इंच म्हणजे ३७.६ नव्हे, १२ इंचांचा फूट असल्याने ते ३७.५ होते. एवढ्याने चढ बदलतो आणि पुढचा सगळा हिशोब बिघडतो.

चढ = १.५ ÷ ६ = ०.२५, म्हणजे तासाला पाव फूट, तीन इंच. त्यावरून य − ३६ = ०.२५ (क्ष − ८), म्हणजेच य = ०.२५ क्ष + ३४. सर्वसाधारण रूपात क्ष − ४य + १३६ = ०. दुसरा बिंदू घालून पडताळा घ्यावा : ०.२५ × १४ + ३४ = ३७.५. समीकरण काढताना वापरलेला बिंदू परत घालून काही कळत नाही, कारण तो जुळणारच. पडताळा दुसऱ्याच बिंदूने घ्यायचा असतो. आता य = ३९ ठेवल्यास क्ष = २०, म्हणजे रात्री ८ वाजता इशारा पातळी. य = ४३ ठेवल्यास क्ष = ३६, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजता धोका पातळी.

चढाला एकक असते हे या उदाहरणात स्पष्ट दिसते. आलेखाच्या कागदावर रेषा किती उभी दिसते हे अक्षांवर घेतलेल्या प्रमाणावर ठरते, पण तासाला पाव फूट हा चढ प्रमाण बदलले तरी बदलत नाही. पाणी उतरू लागले की चढ ऋण, पातळी स्थिर राहिली की शून्य आणि रेषा क्ष-अक्षाला समांतर. उभी रेषा मात्र या आलेखात येऊच शकत नाही, कारण एकाच क्षणी नदीला अनेक पातळ्या नसतात. शुद्ध गणितात उभी रेषा असते; तिचा चढ सांगता येत नाही, म्हणून ती य = म क्ष + क या रूपात बसत नाही. तिचे समीकरण सरळ क्ष = ८ असे लिहितात. याच कारणाने त क्ष + थ य + द = ० हे रूप अधिक भरवशाचे आहे, कारण त्यात एकही रेषा सुटत नाही.

एक बिंदू आणि चढ यांवरून रेषा कशी ठरते याचे सुंदर उदाहरण अंबाबाई मंदिरातल्या किरणोत्सवात मिळते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोहोचतात. मूर्तीपासून पश्चिमेकडचे आडवे अंतर क्ष आणि उंची य धरू. दाराच्या चौकटीची वरची कड (स, उ) या बिंदूवर असेल, तर तिला स्पर्शून येणारा किरण ही चढ म असलेली रेषा होते, आणि म म्हणजे सूर्याच्या उन्नत कोनाचा (क्षितिजापासून सूर्य जितका वर आहे त्या कोनाचा) टॅन. मूर्तीच्या जागी, म्हणजे क्ष = ० ठेवल्यावर, या किरणाची उंची उ − म स येते. सूर्य खाली जाईल तसा म घटतो आणि उ − म स वाढते. म्हणून सूर्य उतरत असताना प्रकाश मात्र चरणांकडून वर चढताना दिसतो. वाटेत उंच बांधकाम आले की दुसरी अट येते : किरणाची रेषा त्या बांधकामाच्या माथ्यावरून गेली पाहिजे. किरणोत्सवातल्या अडथळ्यांची चर्चा भूमितीच्या भाषेत एवढीच आहे.

समांतर रेषांचे चढ सारखे असतात. अक्षांना समांतर नसलेल्या दोन परस्पर लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ येतो.

समीकरण आणि रेषा यांची ही सांगड सतराव्या शतकात दोन फ्रेंच गणितींनी बसवली. रने देकार्त यांचे यावरील लेखन १६३७ साली प्रसिद्ध झाले. प्येर द फेर्मा यांनी साधारण त्याच सुमारास स्वतंत्रपणे हीच वाट काढली, आणि पहिल्या घाताचे समीकरण सरळ रेषा दाखवते हे त्यांनी स्पष्ट मांडले.

दोन बिंदूंतून नेहमी एकच रेषा जाते, पण तिसरा बिंदू तिच्यावर असेलच असे नाही. वरच्या उदाहरणात संध्याकाळी ६ वाजता पातळी ३८.५ फूट भरली तर तिन्ही बिंदू एकरेषीय. ३८ फूटच भरली तर नदीने चढ बदलला आहे, आणि सकाळच्या समीकरणावर विसंबून धोका पातळीची वेळ सांगू नये. पंचगंगा पात्राबाहेर पडून शेतांत पसरली की तेवढ्याच पाण्याने पातळी कमी वाढते. पंचगंगेला पाणी देणाऱ्या भोगावती नदीवरील राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की काही तासांनी चढ पुन्हा वाढू शकतो. अनेक नोंदी एका रेषेत नेमक्या बसत नसतील, तेव्हा प्रत्येक नोंद आणि रेषा यांच्यातील उभ्या अंतराचा वर्ग करून त्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान होईल अशी रेषा निवडतात. ही पद्धत फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ साली प्रसिद्ध केली.