१७ नंबरचा फॉर्म: कोणी भरायचा, कोणी नाही, आणि टी.सी. हाती नसेल तर काय करायचं

शाळेत न जाता दहावी-बारावीची परीक्षा द्यायची असेल, तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवावं लागतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतले अर्ज नागपूर विभागीय मंडळाकडे जातात. ऑनलाइन फॉर्म भरणं फार अवघड नाही. मुलं अडकतात ती फॉर्मच्या आधी आणि फॉर्मच्या नंतर.

सगळ्यात जास्त फसगत होते ती दहावीत नापास झालेल्या मुलांची. एकदा दहावीला बसून नापास झालेल्या मुलाने १७ नंबर भरायचा नसतो. तो पुनर्परीक्षार्थी असतो आणि त्याचा अर्ज त्याच्या जुन्या शाळेतूनच जातो. पास झालेले विषय त्याला पुन्हा द्यावे लागत नाहीत. पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते आणि तिचे अर्ज निकालानंतर लगेच सुरू होतात. घरात रुसवेफुगवे चालू असतानाच ही मुदत निघून जाते, म्हणून निकालाच्या आठवड्यातच शाळेत जा. विषय एक किंवा दोनच राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, वर्ष वाया जात नाही. पेपर नीट तपासला नाही असं वाटत असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते. ती हाती पडल्यापासून कामाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा असतो. पण त्या निकालाच्या भरवशावर पुरवणीचा फॉर्म थांबवू नका.

मग १७ नंबर कोणासाठी? मधेच शाळा सुटलेल्यांसाठी. दहावीला बसायचं तर किमान पाचवी पास आणि वय चौदा पूर्ण हवं. बारावीला बसायचं तर दहावी पास हवी, आणि दहावी पास होणं व बारावीची परीक्षा यांत दोन वर्षांचं अंतर हवं. काल दहावी झाली आणि अकरावी गाळून येत्या फेब्रुवारीत बारावी द्यायची, असा बेत कोणी सांगत असेल तर तिथे पैसे देऊ नका.

आता टी.सी. शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत लागतो आणि नेमका तोच कोणाकडे नसतो. कोणाचा शिफ्टिंगमध्ये हरवतो, कोणी तो उचललेलाच नसतो, कुठे फी थकली म्हणून शाळा अडवून धरते. हरवला असेल तर शाळेकडे द्वितीय प्रत मागायची. शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरमध्ये नोंद असते, त्यामुळे 'जुनं रेकॉर्ड सापडत नाही' एवढ्यावर परत फिरू नका. लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. पोच मागितली की रजिस्टर बहुतेक वेळा सापडतं. द्वितीय प्रतीसोबत प्रतिज्ञापत्रही जोडावं लागतं. त्यासाठी महागडा स्टॅम्प पेपर घेण्याआधी तो खरंच लागतो का, हे संपर्क केंद्राला, म्हणजे अर्ज ज्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात जमा करायचा तिथे, विचारा. कोर्टाबाहेर बसणारे ते सांगतीलच असं नाही. शाळाच बंद पडली असेल तर गावात पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि शहरात शिक्षण विभागाकडे चौकशी करा. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडून आलेल्या मुलांच्या टी.सी.वर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते. त्यासाठी एक चक्कर धरूनच चाला आणि ती फॉर्म सुटायच्या आधी मारा.

टी.सी.वरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षराअक्षराने जुळवून पाहा. टी.सी.वर 'रुपाली' आणि आधारवर 'रूपाली', वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण तर दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, असं खूपदा असतं. फॉर्ममध्ये टी.सी.प्रमाणेच लिहा, कारण पुढे गुणपत्रिकेवर तेच नाव येतं. फरक असेल तर आधार दुरुस्त करून घेणं सोपं पडतं. शाळा सोडल्यावर टी.सी. बदलायला गेलात तर महिने जातात.

फॉर्म साधारण पावसाळ्यात सुटतात. मुदत संपली तर विलंब शुल्क भरून आणखी काही दिवस मिळतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका. फोटो, आधार आणि टी.सी. मोबाइलवर काढून अपलोड करता येतात. फी ऑनलाइनच भरायची असते आणि ती कोणत्याही कारणाने परत मिळत नाही. मोबाइल नंबर आणि ईमेल सायबर कॅफेवाल्याचा नाही, स्वतःचा द्या. पुढचे सगळे निरोप त्यावरच येतात.

हे संपर्क केंद्र फॉर्ममध्येच निवडावं लागतं. घराजवळचं घ्या, पण तुमचं माध्यम आणि तुमचे विषय तिथे आहेत ना, हे आधी जाऊन विचारा. फॉर्म भरल्यावर त्याची, फी पावतीची आणि हमीपत्राची प्रिंट काढून दोन-दोन प्रती मूळ कागदपत्रांसह त्या केंद्रात मुदतीत जमा करायच्या असतात. ऑनलाइन झालं म्हणजे झालं, असं समजून कितीतरी मुलं इथेच थांबतात आणि त्यांचा अर्ज बाद होतो.

नाव नोंदणी झाली म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला, असंही नाही. तो वेगळा असतो, पुढे केंद्रामार्फत भरायचा असतो आणि त्याची फीही वेगळी असते. दिवाळीच्या आसपास केंद्रात स्वतः जाऊन विचारा, फोनची वाट पाहू नका. दहावीत भाषांची तोंडी परीक्षा, विज्ञानाचं प्रात्यक्षिक, गणित आणि सामाजिक शास्त्रांचं अंतर्गत मूल्यमापन यांना प्रत्येक विषयात शंभरपैकी २० गुण असतात. ते याच केंद्रात मिळवायचे असतात. पास व्हायला ३५ लागतात, तिथे हे २० हातचे घालवणं मुलाला फार महाग पडतं.

नववीत नापास झालेल्या मुलाच्या पालकांना काही शाळा 'टी.सी. घ्या आणि १७ नंबर भरा' असं सुचवतात. बहुतेक वेळा त्यात मुलापेक्षा शाळेच्या दहावीच्या निकालाची काळजी जास्त असते. वर्गात बसून पुन्हा नववी करणारं मूल शिक्षकांच्या नजरेसमोर राहतं, १७ नंबरवालं घरी एकटं अभ्यास करतं. मुलाशी बोलल्याशिवाय टी.सी.च्या अर्जावर सही करू नका. गणितानेच मन खचलं असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा पर्याय आहे. तिथे दहावीला पाच विषय स्वतः निवडता येतात, त्यात किमान एक भाषा असली की झालं, गणित घ्यायलाच हवं असं नाही. वयाची अट तिथेही चौदाच आहे. मात्र पुढे पॉलिटेक्निककडे जायचा विचार असेल तर गणित सोडण्याआधी त्या प्रवेशाच्या अटी वाचून घ्या.