घर विकायला काढताय? रंग सगळ्यात शेवटी

आम्ही सांगली-मिरजेत गिलावा, वॉटरप्रूफिंग आणि रंगकाम करतो. त्यातला एक फोन ठरलेला असतो. "घर विकायला काढलंय, रविवारी पार्टी बघायला येणार आहे, तेवढ्यात दोन हात मारून द्या." जाऊन पाहिलं तर हॉलची भिंत खालून दोन-अडीच फुटांपर्यंत फुगलेली असते. नख लावलं की पापुद्रा सुटतो आणि आतून पांढरी पूड पडते. या भिंतीला आत्ता रंग लागणार नाही असं सांगितलं की पुढचं वाक्यही ठरलेलं: "आम्हाला कुठं राहायचंय? विकायचंच तर आहे!"

विकायचं आहे म्हणूनच आम्ही नाही म्हणतो. त्याचं कारण नीट समजून घ्या.

ती पांढरी पूड म्हणजे लोणा. विटा, वाळू आणि जमिनीतले क्षार पाण्यात विरघळून भिंतीत चढतात. पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जातं, क्षार मागं राहतात, त्यांचे खडे होतात आणि तेच आतून रंग ढकलतात. वरून पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मारला की पाण्याची वाट बंद होते, पण पाणी यायचं थांबत नाही. पहिले काही दिवस भिंत आरशासारखी दिसते. नंतर फोड येतात.

आता व्यवहाराचा हिशेब बघा. इसार झाला म्हणजे घर विकलं गेलं असं होत नाही. घेणाऱ्याचं कर्ज, बँकेच्या वकिलाचा अहवाल, घराची किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरची भेट आणि मग दस्त, यात दोन-तीन महिने सहज जातात. ओल्या भिंतीवरचा रंग नेमका याच दिवसांत फुगतो. पार्टी पडदे-फर्निचरचं माप घ्यायला म्हणून येते आणि फोड बघून जाते. मग ठरलेला भाव खाली येतो, नाहीतर इसार परत मागितला जातो. एका भिंतीवरून त्यांना सगळ्या घराची शंका येते: गच्ची कशी असेल, वायरिंग कसं असेल? ज्या दुरुस्तीत काही आठवडे गेले असते, तिच्यापायी सहा महिने जातात. शिवाय सहज दिसणार नाही असा मोठा दोष माहीत असूनही न सांगणं मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याच्या अंगावर येतं.

भिंत ओली आहे की नाही हे आम्हाला बोलवायच्या आधी तुम्ही घरीच बघू शकता. दोन फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक कागद घ्या, भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बंद करा आणि एक दिवस तसाच राहू द्या. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवा दमट आहे; खिडक्या उघड्या ठेवा, तेवढं पुरतं.

ओल भिंतीतच असेल तर आधी ती येते कुठून ते शोधायचं. बऱ्याचदा पलीकडच्या बाथरूमचा न्हाणी ट्रॅप (सांडपाणी जातं ती जाळीखालची जागा) किंवा भिंतीतली पाइप गळत असते. छताजवळ ओल असेल तर गच्चीवर पाणी साठवून ४८ तास बघावं लागतं. गळती बंद झाली की ओलीच्या रेषेच्या वर फूटभर गिलावा विटेपर्यंत काढायचा आणि क्षार कोरड्या ब्रशनं झाडायचे. पाण्यानं धुऊ नका, ते पुन्हा विटेत शिरतात. भिंत सुकली की नवा गिलावा, त्यावर किमान सात दिवस पाणी आणि मग सुकायला साधारण चार आठवडे. "चार आठवडे नुसते बसून काढता" असं काही जण म्हणतात. बसून काढत नाही, त्या वेळात दारं, नळ, वायरिंग ही बाकीची कामं उरकतो. पुट्टीला हात लावायच्या आधी भिंतीचा ओलावा मीटरनं मोजून तुम्हाला आकडा दाखवतो.

सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरांचं वेगळं आहे. माती-विटांच्या आणि चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट चढवला की ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. तिथं आम्ही चुनाच वापरतो. तो महाग पडतो आणि कारागीर कमी आहेत, पण भिंतीला तोच मानवतो.

म्हणून वेळेचं गणित उलटीकडून मांडा. सौदे गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा बघून होतात. पितृपक्षात कोणी बोलणीही करत नाही. दसऱ्याला घर दाखवायचं तर गच्ची आणि बाहेरच्या भिंती मेअखेर झालेल्या हव्यात. गुढीपाडव्याला दाखवायचं तर दिवाळी झाली की फोन करा. सप्टेंबरात, भिंती पाऊस पिऊन बसलेल्या असताना येणाऱ्या फोनला आमच्याकडे चांगलं उत्तर नसतं.

पुराचं काय सांगायचं, हे सगळेच विचारतात. खरं तेच सांगा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, हे सांगलीत घर घेणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. तुम्ही नाही सांगितलं तर शेजारचा सांगेल. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कितव्या पायरीपर्यंत किंवा खोलीत किती फूट आलं ते कागदावर लिहून ठेवा आणि नंतर काय केलं तेही दाखवा: प्लगपॉइंट पुराच्या रेषेच्या वर घेतले, खालचा गिलावा नवा केला, फुगलेल्या लाकडी चौकटी बदलल्या. असं सगळं मांडून ठेवलेल्या घराला घासाघीस कमी होते, हा आमचा अनुभव आहे.

काळ्या मातीवरच्या घरांना भेगा पडतात, त्यांनी घाबरू नका. केसाएवढी भेग भरून निघते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली आणि दर उन्हाळ्यात रुंदावणारी भेग मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तिच्यावर आम्ही पुट्टी भरत नाही.

खर्च कुठं करू नये हेही सांगतो. नवं मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग करू नका. घेणारा आपल्या आवडीचं करतो आणि तुमचे पैसे भावात निघत नाहीत. गळके नळ, घासणारी दारं, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या, बंद दिवे आधी बघा. माळ्यावरची अडगळ काढा. गडद रंगाची एकच भिंत असेल तर ती घालवा, सगळीकडे फिकट पांढरा द्या. कागदपत्रं हा आमचा विषय नाही, तरी घरपट्टी-पाणीपट्टी भरलेली हवी आणि प्रॉपर्टी कार्डावर वारसांची नावं लागलेली हवीत. वडिलांच्याच नावावर राहिलं असेल तर वकिलांकडे आजच जा, त्याला रंगकामापेक्षा जास्त वेळ लागतो.

आम्ही फोनवर दर सांगत नाही, कारण ओल फोनवर दिसत नाही. पाहणीचे पैसे घेत नाही. अंदाजपत्रक लेखी देतो आणि त्यात दोन भाग असतात: विक्रीसाठी करायलाच हवं ते, आणि नाही केलं तरी चालेल ते. दुसरा भाग सगळा खोडलात तरी आम्ही पहिल्याचं काम घेतो.

पाहणीला येऊ त्या दिवशी भिंतीला लागून असलेली कपाटं हातभर पुढं ओढून ठेवा, टाकीत पाणी असू द्या आणि लाइट चालू ठेवा. घर बंद असेल तर गच्चीची चावीही शेजाऱ्यांकडे देऊन ठेवा. ती नसली की दुसरी फेरी होते.